आजीच्या खोलीतला वास

नात सहा वर्षांची. मुलं जे मनात येईल ते बोलतात, तशी तीही बोलून गेली. रात्रीची जेवणं झाली होती. आजीने नेहमीप्रमाणे हाक मारली, "चल गं, गोष्ट सांगते." नात आईच्या पदराआड सरकली आणि म्हणाली, "मी नाही येत. आजीच्या खोलीत वास येतो."

घरात क्षणभर कुणीच काही बोललं नाही. आजी हसून म्हणाल्या, "अगं, आज तेल लावलंय ना गुडघ्याला!" आणि आपल्या खोलीत निघून गेल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गुडघ्याला तेल लावणं बंद केलं. सकाळी एकदा आंघोळ होत असे, ती दोनदा होऊ लागली. धुतलेली लुगडी पुन्हा धुवायला पडू लागली. कपाटात कापराच्या वड्या आल्या, देवापुढच्या उदबत्त्या एकीच्या चार झाल्या. कुणी खोलीत आलं की आजी नकळत पलंगाच्या कडेला सरकून बसू लागल्या.

भिलाईजवळच्या कोहक्यातल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मराठी कुटुंबातली ही गोष्ट. आजोबा विदर्भातून तरुणपणी इथे आले, पोलाद कारखान्यात नोकरीला लागले आणि सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये त्यांचा सगळा संसार झाला. पुढे अंगण, मागे पेरू आणि कढीपत्ता. ते निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं. ते गेल्यावर मुलाने कोहक्यात फ्लॅट घेतला. आजींना त्यातली बाल्कनीची खोली दिली, कारण त्यांची तुळस तिथे ठेवता येणार होती.

वास येत होता, हे मात्र खरं होतं. सूनबाईंनाही तो आला होता. पण बोलायचं कसं? "आई, तुमच्या खोलीत वास येतो" हे वाक्य सासूला म्हणायला कुठली सून धजावेल? आणि म्हटलंच, तर ते कितीही गोड शब्दांत म्हटलं तरी ऐकणाऱ्याच्या मनाला लागल्यावाचून राहील का? म्हणून त्यांनी सुगंधी फवारा आणून ठेवला. दोन दिवस मोगऱ्याचा वास आला. तिसऱ्या दिवशी मोगरा आणि तो वास, दोन्ही एकत्र येऊ लागले.

आधी आळ, मग शोध

वासाची गंमत अशी की तो दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीचा आळ घ्यायला माणसाला नेहमी कुणीतरी दिसणारं लागतं.

पहिला आळ कारखान्यावर आला. भिलाईत कुठलाही वास आला की लोक आधी चिमण्यांकडे बोट दाखवतात. पण तसा वास असता तर सगळ्या मोहल्ल्यात आला असता. एकाच घरातल्या एकाच खोलीत नेमका कसा शिरेल?

दुसरा आळ खालच्या मजल्यावर. तिथे एक ओडिया कुटुंब राहतं. "सुकी मासळी भाजत असतील," मुलाने निकाल दिला आणि एका संध्याकाळी तो तडक खाली गेला. दार गृहिणीने उघडलं. त्याचं बोलणं तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भैया, कार्तिक चल रहा है. हमारे यहाँ पूरा महीना मछली तो क्या, प्याज-लहसुन भी नहीं बनता." मुलगा खाली मान घालून वर आला. कार्तिक महिन्यात ओडिया घरांतून सामिष वर्ज्य असतं, हे इतकी वर्षं भिलाईत राहूनही त्याला ठाऊक नव्हतं.

तिसरा आळ कुणी बोलून दाखवला नाही, पण तो घरातल्या प्रत्येकाच्या मनात होता. म्हातारं माणूस, औषधं, तेल, ओले पंचे. सर्वांत वाईट म्हणजे तो आजींच्याही मनात होता. एका दुपारी सूनबाई अचानक खोलीत गेल्या, तर आजी स्वतःच्या पदराचा वास घेत होत्या. सुनेला पाहून त्यांनी पदर सोडला आणि खालच्या आवाजात विचारलं, "खरं सांग, माझ्याच अंगाला येतो का गं? मला तर काहीच कळत नाही."

त्या प्रश्नाने सूनबाईंच्या पोटात कालवलं. आता हा वास कुठून येतो ते शोधूनच काढायचं, असं त्यांनी त्याच वेळी ठरवलं.

नाकावर किती विसंबावं?

आजींना वास का कळत नव्हता? यात त्यांचा काही दोष नव्हता. कोणताही वास सतत येत राहिला की नाक थोड्याच वेळात त्याची दखल घेणं सोडून देतं. म्हणूनच आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला दारातच येतो. शिवाय वय वाढलं की नजर आणि कानांप्रमाणे घ्राणशक्तीही मंदावते. गटारीच्या वायूचं तर आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्यातला सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तोवर नाकाला झोंबतो, पण त्याचं प्रमाण फार वाढलं तर तो नाकालाच बधिर करतो. बंद गटारात उतरलेल्या माणसांना धोका कळत नाही, त्याचं हे एक कारण.

तेव्हा वास शोधायचा तर ताजं नाक हवं. सूनबाईंनी तसंच केलं. बाजारातून परतल्यावर, पिशवी खाली ठेवण्याआधी त्या थेट आजींच्या खोलीत जात. दोन-तीन श्वास घेत आणि बाहेर येत. जास्त वेळ थांबत नसत. मग एका वहीत टिपून ठेवत: वेळ काय, खिडक्या उघड्या की बंद, कुठला पंखा चालू, पाऊस की ऊन, वास कमी की जास्त.

आठ दिवसांत वही बोलू लागली. सकाळी वास जवळजवळ नाही. दुपारी नाही. संध्याकाळी सातनंतर सुरू, साडेआठला सर्वांत जास्त, रात्री उशिरा पुन्हा कमी. रविवारी बाहेर जेवायला गेले त्या दिवशी मुळीच नाही. आणखी एक गोष्ट लक्षात आली. उन्हाळ्यात हा वास कधीच आला नव्हता. पावसाळ्यातही नाही. तो सुरू झाला दिवाळीच्या सुमारास, थंडी पडून खिडक्या लागू लागल्या तेव्हापासून.

जो वास आजींच्या अंगाचा असेल, तो बरोबर सातच्या ठोक्याला कसा येईल? ही वही त्यांनी आधी नवऱ्याला दाखवली. मग आजींनाही दाखवली. आजींनी चष्मा लावून सगळी पानं वाचली. काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री त्यांनी गुडघ्याला तेल लावलं.

सात वाजता काय होतं?

सात वाजता स्वयंपाक सुरू होतो आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लागतो. हा पंखा घरातली हवा बाहेर फेकतो. पण जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कुठून तरी आत यावीच लागते. खिडकी उघडी असेल तर ती खिडकीतून येते. सगळ्या खिडक्या बंद असतील तर पंखा मिळेल त्या फटीतून हवा ओढून घेतो. दाराखालून, विजेच्या नळीतून, एसीच्या नळीसाठी पाडलेल्या भोकातून आणि सांडपाण्याच्या पाइपातूनही!

उन्हाळ्यात याच्या नेमकं उलट घडत होतं. खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर असे. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणजे घरातला दाब किंचित वाढतो आणि फटींमधून हवा बाहेर जाते. वास आत येणार कसा? पावसाळ्यात खिडक्या उघड्या होत्या. म्हणजे वासाची वाट कदाचित महिनोन् महिने उघडी होती, फक्त कूलर बंद झाल्यावर आणि खिडक्या लागल्यावर ती जाणवू लागली.

आता वाट शोधायची होती. त्यासाठी लागली एक उदबत्ती. संध्याकाळी एक्झॉस्ट चालू केला, खोलीतला छताचा पंखा बंद केला आणि सूनबाई पेटती उदबत्ती घेऊन भिंतीच्या कडेकडेने फिरू लागल्या. धूर सरळ वर गेला तर तिथून हवा येत नाही. धूर खोलीच्या आत झुकला तर तिथून हवा शिरते आहे. खिडकीची चौकट ठीक निघाली. स्विचबोर्ड ठीक. न्हाणीघरात बेसिनखाली मात्र धूर हलला. बेसिनची लवचीक नळी जमिनीतल्या पाइपात नुसती खोचलेली होती, भोवताली बोटभर फट. असं अनेक घरांत असतं. फटीत रबरी कडं बसवून वरून लांबी भरली. दोन दिवस वास कमी झाला. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी तो परत आला.

अशा वेळी माणूस वैतागून चार उपाय एकदम करतो. सूनबाईंनी तसं केलं नाही. न्हाणीघरातल्या जाळीवर त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी पसरून कडेने चिकटपट्टी लावली आणि वाट पाहिली. वास तसाच. म्हणजे ती जाळी निर्दोष. एका वेळी एकच वाट बंद करायची, तरच चोर सापडतो.

ट्रंकेखाली काय होतं?

उदबत्तीने शेवटी जे दाखवलं ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. खोलीच्या टोकाला आजींची जुनी लोखंडी ट्रंक होती. तिच्याजवळ, जमिनीलगत उदबत्ती धरली की धूर खोलीच्या दाराकडे ढकलला जाई. ट्रंक सरकवली, खालची सतरंजी उचलली, तर फरशीत पाणी जाण्याची जाळी!

तेव्हा आठवण झाली. ट्रंक होती ती जागा म्हणजे पूर्वीची बाल्कनी. गुढीपाडव्याच्या सुमारास ती काचा लावून बंद केली होती आणि खोलीत घेतली होती. त्याआधी तिथे तुळस होती. आजी रोज तुळशीला पाणी घालत, ते थोडं जाळीतून वाहून जाई. आठवड्याला त्या बाल्कनी धूत. पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सूनबाईंनीच त्यांना म्हटलं होतं, "आई, आता पाण्याची बादली उचलायची नाही हं." तुळस पलीकडच्या गॅलरीत गेली. जाळीवर सतरंजी आली, वर ट्रंक आली.

जाळीखाली एक वाकडा सापळा असतो. प्लंबर त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. त्याच्या वाकात सुमारे दोन इंच पाणी कायम साठून राहतं. पाणी खाली जाऊ शकतं, पण खालचा वायू त्या पाण्यातून वर येऊ शकत नाही. 1775 साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने अशा वाकड्या नळीच्या संडासाचं पेटंट घेतलं. आज जगभरातल्या कोट्यवधी घरांचं गटारीपासून रक्षण होतं ते त्या दोन इंच पाण्यामुळेच. मात्र हे पाणी कधी वापरलंच नाही तर ते वाळून जातं. भिलाईच्या मे महिन्यात तर लवकरच.

प्लंबरला बोलावलं. त्याने सांगितलं, बाल्कनीचा पाइप न्हाणीघराच्या पाइपालाच जोडलेला आहे. सापळा कोरडा पडला म्हणजे गटार आणि खोली यांच्यामध्ये काहीच उरलं नाही. सूनबाईंनी त्याच्यासमोरच जाळीत एक तांब्याभर पाणी ओतलं. त्या संध्याकाळी एक्झॉस्ट लागला. साडेआठ वाजले, नऊ वाजले. वास आला नाही.

मायेपोटी सासूच्या हातातली बादली काढून घेतली होती आणि त्यातूनच हे सगळं झालं होतं, हे कळल्यावर सूनबाईंना हसावं की रडावं ते कळेना.

लहान गोष्ट, मोठा परिणाम

कोरडा सापळा ही क्षुल्लक बाब वाटते. पण 2003 साली हाँगकाँगमध्ये सार्स या साथीने अमॉय गार्डन्स नावाच्या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना गाठलं आणि चाळीसहून अधिक जण दगावले. तपासात जी कारणं पुढे आली, त्यांत न्हाणीघरांतल्या जमिनीवरचे कोरडे सापळे हे एक महत्त्वाचं कारण होतं. लोक फरशी धूत नसत, नुसती पुसत. सापळे वाळले आणि एक्झॉस्ट पंख्यांनी सांडपाण्याच्या पाइपातली दूषित हवा घरात ओढली. कोहक्याच्या खोलीत जे घडत होतं, तेच तिथे अधिक भयंकर रूपात घडलं.

गळती शोधण्याच्या युक्तीही जुन्या आहेत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले प्लंबर गच्चीवरच्या पाइपात पेपरमिंटचं तेल आणि गरम पाणी ओतत. घरात दुसरा माणूस हुंगत फिरे. ज्या खोलीत पेपरमिंटचा वास येई तिथे गळती. मात्र तेल ओतणाऱ्याने तेवढ्यात घरात यायचं नाही, असा दंडक होता, कारण त्याच्या हाताचाच वास सगळीकडे येई!

आपल्या घरात वास आला तर

आधी वास ओळखावा. सडक्या अंड्यासारखा असेल तर गटारीचा संशय घ्यावा. न वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये आठवड्याला एक तांब्या पाणी ओतावं. महिनाभर गावी जाणार असाल तर पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडावं, म्हणजे ते लवकर वाळत नाही. वरच्या मजल्यावर पाणी सोडलं की आपल्या जाळीत गुडगुड आवाज येत असेल, तर गच्चीवरचा हवेचा पाइप तुंबला किंवा मोडला असण्याचा संभव आहे. त्यामुळे सापळ्यातलं पाणी ओढलं जातं. हे काम सोसायटीने करून घ्यावं.

मासळीसारखा किंवा प्लॅस्टिक जळल्यासारखा वास स्विच वा प्लगजवळ येत असेल तर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराकडे पाहू नका, मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. 1937 साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन इथल्या शाळेत वास नसलेल्या गॅसचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जण, बहुतेक मुलं, मृत्युमुखी पडली. त्यानंतर गॅसला वास देण्याचे कायदे झाले. हा वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात, कोणतंही बटण चालू वा बंद करू नये आणि घराबाहेर जाऊन 1906 या क्रमांकावर कळवावं.

वासावर वास चढवू नये. फवाऱ्याने आणि धुपाने कारण जात नाही. जाळीत ब्लीच आणि ॲसिड एकत्र तर कधीच ओतू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आणि फटी बुजवताना भान ठेवावं. आजोबा कारखान्यात होते तेव्हा म्हणायचे, "ज्या वायूला वास येतो त्याला घाबरू नका, ज्याला येत नाही त्याला घाबरा." कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. 12 जून 2014 रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यात याच वायूच्या गळतीने सहा जणांचा बळी घेतला, ही आठवण इथल्या घरांत अजून ताजी आहे. घरात हा वायू येतो तो कोळशाच्या शेगडीतून आणि बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमधून. तेव्हा वासाची वाट बंद करावी, हवेची नव्हे. शेगडी बंद खोलीत ठेवू नये आणि गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा. स्वयंपाक करताना पंखा लावला की एक खिडकी चार बोटं उघडी ठेवावी. कोहक्याच्या घरात आता ती ठेवतात.

मुलगा दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावर गेला. सोबत आजींनी केलेल्या करंज्या होत्या. त्याने झाला प्रकार सांगितला आणि माफी मागितली. त्या बाई खूप हसल्या. म्हणाल्या, आमच्याही गॅलरीत अशी एक जाळी आहे, आजच पाणी ओतते.

कार्तिकी पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी, ओडिया घरांत महिन्याभराने सामिष शिजतं त्या दिवशी, खालून मासे तळल्याचा खमंग वास आला. संध्याकाळी एक झाकलेली वाटीही आली.

तुळस पुन्हा आजींच्या खोलीत, काचेजवळ आली आहे. ट्रंक पलीकडच्या भिंतीला गेली. सकाळी पूजा झाली की आजी एक छोटा तांब्या घेऊन येतात, बादली नाही. अर्धं पाणी तुळशीला, अर्धं जाळीला. नात बाजूला उभी राहून मोजते, कारण पाणी किती ओतायचं हे तिने ठरवलं आहे. रात्री ती आजीजवळच झोपते. एकदा गोष्ट ऐकता ऐकता तिने आजीच्या कुशीत नाक खुपसलं आणि म्हणाली, "आजी, तुझा वास येतोय."

आजींचा हात थबकला. "कसला गं?"

"तेलाचा," नात झोपेत पुटपुटली, "छान येतोय."